८ जीबी रॅमवर झेडरॅम: वर्षभर रगडून वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. झेडरॅमला, म्हणजे रॅममध्येच डेटा दाबून ठेवणाऱ्या लिनक्सच्या स्वॅपला (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की तिथला डेटा हलवायची जागा), पाचपैकी साडेचार. डिस्कवरच्या साध्या स्वॅपफाईलला अडीच. आणि "आजकाल स्वॅप कोण वापरतं, बंदच करून टाक" या सल्ल्याला शून्य, खरं तर उणे काहीतरी द्यायला पाहिजे. आता सविस्तर, आणि जरा लांबण लागणार आहे कारण या एका विषयावर मी एवढी डोकेफोड केलीये की थोडक्यात सांगणं जमणारच नाही.

मशीन साधंच आहे. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली त्यामुळे वाढवायचा प्रश्नच मिटला, आत एनव्हीएमई एसएसडी, वर लिनक्स. काम काय, तर ब्राउझरमध्ये तीसचाळीस टॅब (हो माहितीये, बंद करायला पाहिजेत, नाही होत), एक कोड एडिटर जो स्वतःच आतून ब्राउझर आहे, अधूनमधून एखादं व्हर्च्युअल मशीन, आणि सी प्लस प्लसचा एक आडमाप प्रोजेक्ट, ज्याचं बिल्ड लावलं की आठ कंपायलर एकदम सुटतात आणि सगळ्यात शेवटी त्यांनी केलेले तुकडे जोडणारा लिंकर येतो तो एकटाच तीन-साडेतीन जीबी मागतो. म्हणजे अंथरूण ८ जीबीचं आणि पाय १२ जीबीचे.

तर एका रात्री हा लिंकर चालू झाला आणि माउस अडकला. म्हणजे आधी झटके खात पुढे सरकला, मग पाच सेकंदांनी एकदा हलला, मग हललाच नाही. कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा दहा सेकंदांनी लागतोय. डिस्कचा दिवा मात्र सलग पेटलेला. दुसऱ्या कन्सोलवर जायचा प्रयत्न केला, काळा स्क्रीन आला आणि लॉगिन मागायलाच तयार नाही. वीसेक मिनिटं मी नुसता बघत बसलो, मग पॉवरचं बटण दाबून धरलं आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं. गंमत म्हणजे लिनक्सकडे अशा वेळेसाठी एक मारेकरी असतो, ओओएम किलर म्हणतात त्याला, मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा करायची हे त्याचं काम. तो आलाच नाही. वीस मिनिटं मशीन मरणयातना भोगतंय आणि कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, मते मेमरी अजून संपलेलीच नाही! त्या रात्रीनंतर मी या सगळ्याच्या मागे लागलो, आणि म्हणून हा रिव्ह्यू वेगाबद्दल कमी आणि वाईट वेळी कोण कसं वागतं याबद्दल जास्त आहे. सगळं रिकामं असताना काय, कुठलीही सिस्टम गुणीच असते.

थोडं आतलं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑपरेटिंग सिस्टम रॅमचे छोटे छोटे तुकडे करते, त्याला पेज म्हणायचं, नेहमीच्या पीसीवर एक पेज ४ केबीचं. म्हणजे ८ जीबीत साधारण २१ लाख पेज. त्यातली काही पेज अशी असतात की ज्यांची मूळ प्रत डिस्कवर आहेच, म्हणजे प्रोग्रामचा स्वतःचा कोड, लायब्ररी, तुम्ही उघडलेल्या फाईल. ही फाईलवाली पेज. यात काही बदल केलेला नसेल तर कर्नल ती कधीही बिनधास्त फेकून देऊ शकतो, लागली तर परत वाचेल. दुसरी असतात ती प्रोग्रामने चालता चालता तयार केलेली, टॅबमधला डेटा, एडिटरमधला न सेव्ह केलेला मजकूर, कंपायलरची सगळी झाडंझुडपं. यांना अनॉनिमस म्हणतात, यांना डिस्कवर घर नसतं, आणि ती फेकायची तर आधी कुठेतरी ठेवायला जागा पाहिजे. ती जागा म्हणजे स्वॅप. बस, एवढंच आहे ते. स्वॅप म्हणजे "गरिबांची रॅम" वगैरे नाही, घर नसलेल्या पेजना दिलेलं घर.

आता रॅम कमी पडायला लागली की केस्वॅपडी नावाचा कर्नलचा एक थ्रेड जागा होतो आणि मागच्या मागे जुनी पेज काढायला लागतो. त्याला खालची वरची अशा खुणा ठरवून दिलेल्या असतात, मोकळी जागा खालच्या खुणेच्या खाली गेली की सुरू, वरच्या खुणेपर्यंत आली की झोप. पण मागणारे त्याच्यापेक्षा जोरात मागायला लागले की तो पुरा पडत नाही, आणि मग ज्याला मेमरी पाहिजे त्या प्रोसेसलाच थांबवून कर्नल सांगतो की आधी तू स्वतः जागा कर मग घे. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात आणि माउस अडकतो तो इथेच, कारण माउस हलवणारा, स्क्रीन रंगवणारा प्रोग्रामही त्याच रांगेत उभा असतो. लिंकरची रांग वेगळी नि डेस्कटॉपची वेगळी असं काही नसतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे थ्रॅशिंग. जे पेज आत्ता बाहेर टाकलं तेच पुढच्या क्षणी लागतं, ते आणायला दुसरं बाहेर टाकलं तर तेही लगेच लागतं, सगळा वेळ ने-आण करण्यात आणि काम शून्य. हे काही नवीन दुखणं नाही, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२ सालीच मुख्य मेमरी आणि फिरता ड्रम यांच्यात अशी पेजची ने-आण आपोआप होत होती, आणि पीटर डेनिंगनी १९६८ मध्ये थ्रॅशिंगवर पेपर लिहून सांगितलं होतं की प्रत्येक प्रोग्रामचा त्या त्या वेळचा एक वर्किंग सेट असतो, म्हणजे तेव्हा सतत लागणाऱ्या पेजचा संच, त्या सगळ्यांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की मशीन बसणार, मग एखाद्या प्रोग्रामला थोपवून ठेवणं हाच उपाय. १९६८ साली सांगितलेलं आहे हे. आणि मी कित्येक वर्षांनी पॉवरचं बटण दाबून धरतोय.

आता एकेक करून.

पहिला प्रयोग, स्वॅप बंद. हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की वाटलं काहीतरी तथ्य असेल. लॉजिक असं की स्वॅपच नसेल तर स्वॅपिंगच होणार नाही, मेमरी संपली की ओओएम किलर लगेच येईल आणि लिंकरला उडवेल, विषय संपला. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी तेच, माउस अडकला, डिस्कचा दिवा सलग. मी चक्रावलो, स्वॅप तर नाहीये मग डिस्कवर एवढं वाचतंय काय? उत्तर वर दिलेल्या दोन प्रकारांत आहे. स्वॅप नाही म्हणजे अनॉनिमस पेज हलवायची सोयच नाही, मग कर्नल काय काढणार, तर फाईलवाली पेज. म्हणजे चालू प्रोग्रामचा कोड! ब्राउझरचा कोड फेकला, पुढच्या मिलीसेकंदाला ब्राउझरला तोच लागला, डिस्कवरून वाचला, त्यासाठी डेस्कटॉपचा कोड फेकला, तो लागला, परत वाचला. आणि कर्नलच्या नजरेने बघा, प्रत्येक वेळी त्याला पेज मोकळं करता आलं, म्हणजे काम पुढे सरकतंय, म्हणजे मेमरी संपलेली नाही, म्हणजे मारेकऱ्याला बोलवायचं कारण नाही. दोन आठवड्यांपूर्वी उघडून विसरलेल्या टॅबचा डेटा रॅममध्ये ऐसपैस बसलेला आणि आत्ता चालू असलेला कोड मात्र दाराबाहेर. याला शून्य दिलंय ते उगाच नाही. ज्यांच्याकडे ६४ जीबी आहे आणि कधीच अर्ध्याच्या पुढे जात नाही त्यांनी खुशाल बंद ठेवा, तुम्हाला कशानेच फरक पडत नाही.

दुसरा, नेहमीची स्वॅपफाईल एसएसडीवर, ८ जीबीची. "रॅमच्या दुप्पट स्वॅप" हा जुना नियम मी सोडून दिला, तो रॅम मेगाबाइटमध्ये मोजायच्या काळातला आहे. तर हे बऱ्यापैकी चालतं, खोटं का बोला. रोजच्या वापरात जुने टॅब हळूहळू डिस्कवर जातात, रॅम मोकळी राहते, आणि महत्त्वाचं म्हणजे मशीन आधी मंद होतं आणि मग अडकतं, त्यामुळे तुम्हाला सूचना मिळते, धावत जाऊन काहीतरी बंद करता येतं. पण जोराचा लोड आला की वेगाचं गणित अंगावर येतं. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून एक पेज आणायला १०० मायक्रोसेकंदाच्या आसपास, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर १० मिलिसेकंद धरा. हे आकडे डोक्यात बसत नाहीत म्हणून असं करा, रॅमला १ सेकंद लागतो असं समजा. मग एसएसडीला १७ मिनिटं. आणि हार्ड डिस्कला सव्वा दिवसाच्या जवळपास. हार्ड डिस्कवर स्वॅप करणाऱ्या मशीनसमोर आपण सगळे कधी ना कधी बसलोय, तो सव्वा दिवस आपण भोगलेला आहे.

इथे स्वॅपीनेसबद्दल पण बोलतो कारण यावर फार भंकस चालते. हे एक सेटिंग आहे, डिफॉल्ट ६०. बऱ्याच जणांना वाटतं की ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की, किंवा ४० टक्के उरली की, स्वॅप सुरू. अजिबात नाही. जागा करायची वेळ आलीच तर अनॉनिमस पेज बाहेर काढणं आणि फाईलवाली पेज काढणं यातलं काय किती महाग धरायचं, त्याचा तो काटा आहे. तो १० वर आणून "मशीन उडायला लागलं" म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात कर्नलला सांगितलेलं असतं की टॅबना हात लावू नको, कोड फेक. मी पण केलं होतं. लोड नसताना काही फरक नाही, लोड आल्यावर आधीपेक्षा वाईट.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो, झेडरॅम.

कल्पना ऐकली तेव्हा मला ती चक्क फसवणूक वाटली. रॅम कमी पडतेय म्हणून रॅमच्याच एका भागात स्वॅप करायचा? पण त्यात पेज तशीच ठेवत नाहीत, दाबून ठेवतात. ४ केबीचं पेज कॉम्प्रेस करून दीड-दोन केबीत बसवायचं. आणि पेजमधला डेटा दाबायला फार सोपा असतो, त्यात पुनरावृत्ती भरपूर आणि शून्यं तर रग्गड, नुसत्याच शून्यांनी भरलेलं पेज असेल तर ते साठवायलाही लागत नाही, नोंद केली की झालं. काढून वाचायला काही मायक्रोसेकंद. आपल्या वरच्या हिशोबात सांगायचं तर रॅम १ सेकंद, एसएसडी १७ मिनिटं, आणि झेडरॅम अर्धा-एक मिनिट. इथेच सगळा खेळ आहे. थ्रॅशिंग पूर्ण थांबत नाही पण त्याची किंमत इतकी उतरते की माउस चालत राहतो.

कर्नलमध्ये हे आलं त्याला बरीच वर्षं झाली, २०१४ मध्ये ३.१४ ला ते प्रायोगिक फोल्डरमधून बाहेर आलं. फेडोरा या डिस्ट्रोने (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच) २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, ते डिफॉल्टच करून टाकलं. अँड्रॉइड फोन तर कधीपासून यावर चालतायत, तुमच्या खिशात बहुतेक आत्ता चालूच आहे. मी म्हणजे वरातीमागून घोडंच.

सेटअप दहा मिनिटांचा. एक छोटं जनरेटर पॅकेज टाकायचं, एका फाईलमध्ये आकार आणि कॉम्प्रेशन लिहायचं, रीबूट. आकाराच्या बाबतीत लोकांचा (आणि आधी माझा) मोठा गैरसमज असतो. ८ जीबीचं झेडरॅम केलं म्हणजे ८ जीबी रॅम गेली असं होत नाही. तो आकार म्हणजे न दाबलेला डेटा किती मावेल त्याची मर्यादा. रिकामं असताना ते त्या आकाराच्या फक्त ०.१ टक्के जागा घेतं. कर्नलचं डॉक्युमेंटेशन म्हणतं की रॅमच्या दुपटीपेक्षा मोठं करण्यात अर्थ नाही कारण दोनास एक असं दाबणं अपेक्षित आहे. मी रॅमएवढंच ठेवलंय. कॉम्प्रेशनला झेडएसटीडी लावलं, ते जास्त दाबतं पण वेळ जास्त घेतं, एलझेडफोर त्याउलट. दोन्ही महिना महिना वापरली, हाताला फरक जाणवला नाही, पण माझं दुखणं जागेचं आहे म्हणून झेडएसटीडीवर थांबलो. टॅब आणि एडिटरवाल्या डेटाचं माझ्याकडे बहुतेक वेळा तीनास एक पडतं, बिल्डच्या वेळी त्याहून कमी.

दोन सेटिंग मात्र बदला, नाहीतर अर्धी मजा जाईल. एक, तोच स्वॅपीनेस, पण या वेळी उलटा, वर न्यायचा. २०२० च्या ५.८ कर्नलपासून त्याची मर्यादा १०० वरून २०० केलीये ती अशाच कामासाठी, कारण झेडरॅममधून पेज आणणं हे डिस्कवरून फाईल वाचण्यापेक्षा स्वस्त आहे तर तसं कर्नलला स्पष्ट सांगायला नको का. माझ्याकडे १८० आहे. दोन, पेज-क्लस्टर. स्वॅपमधून एक पेज मागितलं तर कर्नल आजूबाजूची मिळून ८ आणतो, डिफॉल्ट ३ आहे म्हणजे दोनाचा तिसरा घात. फिरत्या डिस्कवर ते शहाणपणाचं, डोकं एकदा तिथे गेलंच आहे तर उचला अजून चार. झेडरॅममध्ये डोकं कुठे फिरायचंय, उगाच सात पेज उलगडायची मेहनत. शून्य करा.

आणि हो, झेडस्वॅप (डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे बसून पेज दाबणारी वेगळी सोय, तिच्याबद्दल पुढे) चालू असेल तर बंद करा. नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ होतो. काही डिस्ट्रोवर ते आधीच चालू असतं आणि मग ते झेडरॅमच्या पुढ्यात उभं राहून पेज स्वतःच दाबून ठेवतं, मला दोन आठवडे कळेना की झेडरॅम रिकामं का दिसतंय.

फरक काय पडला? तोच प्रोजेक्ट, तोच लिंकर, तेच टॅब. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी दुसऱ्या खिडकीत मेमरीचे आकडे दाखवणारी व्हीएमस्टॅट कमांड लावून बसलो होतो, त्यातले एसआय आणि एसओ हे दोन कॉलम बघायचे, स्वॅपमधून आत किती आणि बाहेर किती. आकडे एवढे उसळले की मी हात पॉवरच्या बटणाजवळ नेला. पंखा ओरडायला लागला, कारण आता डिस्कऐवजी प्रोसेसर राबतोय. पण माउस हलतोय. टॅब बदलला, अर्ध्या सेकंदाने आला, पण आला. बिल्ड पूर्ण झालं. त्या आधी ज्या बिल्डसाठी मी ब्राउझर बंद करून चहाला, म्हणजे जागेवरून उठून जायचो, ते आता मागे चालू ठेवून वाचत बसतो. बॅटरी मात्र बिल्डच्या वेळी जास्त उतरते, ते सरळच आहे.

आता कापलेला अर्धा तारा. झेडरॅमवर हायबरनेट होत नाही, साहजिकच, रॅमची प्रत रॅममध्ये ठेवून वीज कशी बंद करणार. जो डेटा आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला आहे, फोटो, व्हिडिओ, तो अजून दाबला जात नाही, तिथे ते फक्त प्रोसेसर जाळतं. आणि सगळ्यात मोठी खोच, झेडरॅम आणि डिस्कची स्वॅपफाईल दोन्ही ठेवली, झेडरॅमला प्राधान्य देऊन, तर आधी झेडरॅम भरतं. कशाने? तर सगळ्यात जुन्या, सगळ्यात निरुपयोगी पेजनी, कारण तीच आधी बाहेर पडतात. ती तिथे ठाण मांडून बसतात. मग खरा लोड आला की त्यातल्या त्यात ताजी पेज जातात मंद डिस्कवर. म्हणजे मोक्याच्या जागी अडगळ आणि रोज लागणारं सामान गावाबाहेर. झेडस्वॅप याच बाबतीत जास्त शहाणं आहे. ते २०१३ च्या ३.११ कर्नलपासून आहे, ते डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे बसतं, पेज दाबून रॅममध्ये ठेवतं (डिफॉल्टला रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत), आणि भरलं की सगळ्यात जुनी पेज डिस्कवर ढकलतं, ताजी जवळ ठेवतं. म्हणून ज्यांना डिस्कवर स्वॅप लागतंच, हायबरनेटसाठी किंवा लोडच अफाट आहे म्हणून, त्यांनी झेडस्वॅप घ्या, त्याला मी चार देईन. माझं काम रॅमच्या दीडपटीत बसतं, मला झेडरॅम पुरतं.

पण दाबून दाबून किती दाबणार. एकदा व्हर्च्युअल मशीन चालू आहे हे विसरून बिल्ड लावलं आणि झेडरॅमही तुडुंब भरलं. आणि परत तेच, माउस अडकला, मारेकरी गायब. झेडरॅमने मरण पुढे ढकललं होतं, टाळलं नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की नुसती जागा वाढवून भागत नाही, "आता बास" म्हणणारं कोणीतरी पाहिजे, तेच ते डेनिंगचं १९६८ चं.

हे म्हणणारे दोघे वापरले. अर्लीओओएम हा साधा भोळा गडी, उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की एका प्रोसेसला नीट सांगतो बाहेर हो, ५ टक्क्यांच्या खाली गेले की सरळ ठार. दुसरा सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) ओओएमडी, हा जास्त हुशार, हा मेमरी किती भरली एवढंच बघत नाही तर पीएसआय बघतो. पीएसआय ही मला या सगळ्या प्रवासात सापडलेली सगळ्यात आवडती गोष्ट, फेसबुकच्या लोकांनी बनवून २०१८ च्या शेवटी ४.२० कर्नलमध्ये आली. मेमरी किती वापरली हे न सांगता ती सांगते की मेमरीची वाट बघण्यात किती टक्के वेळ फुकट गेला, मागच्या १० सेकंदांत, ६० सेकंदांत, ३०० सेकंदांत. म्हणजे रॅम ९५ टक्के भरलेली असून हा आकडा शून्य असू शकतो आणि तब्येत ठणठणीत. "रॅम खाल्ली, रॅम खाल्ली" म्हणून ओरडणाऱ्यांना हा आकडा दाखवावा, भरलेल्या रॅमचा बराचसा भाग फाईल कॅश असतो आणि मागितली की ती जागा मिळते. एकूणात मोकळी किती हा कॉलम बघायचाच नाही, उपलब्ध किती तो बघायचा.

पण हुशार गड्याचा एक तोटा, तो एकेक प्रोसेस न बघता अख्खा गट मारतो, सीग्रुप. एका डिस्ट्रोवर तो आधीपासून चालू होता आणि बिल्डच्या भरात त्याने माझा ब्राउझर अख्खाच्या अख्खा उडवला, सगळ्या टॅबसकट, लिंकर मजेत. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून सध्या अर्लीओओएम ठेवलंय आणि त्याला पसंती सांगितलीये की मारायचंच तर कंपायलर आणि लिंकर आधी मार, डेस्कटॉपला हात लावू नको. शिवाय बिल्ड लावतानाच त्याला ५ जीबीची सीग्रुप मर्यादा घालतो, सिस्टमडीची एक ओळीची कमांड आहे, मग त्याला काय मरायचंय ते त्याच्या कुंपणात मरू दे. खरं सांगू, झेडरॅमपेक्षाही या एका ओळीने माझी जास्त झोप वाचवली असेल.

बाकीच्यांशी तुलना न करता कसं जमेल. मॅकवर कॉम्प्रेस्ड मेमरी २०१३ पासून, मॅव्हरिक्सपासून आहे, आणि तुम्हाला काहीच लावावं लागत नाही, स्वॅपफाईल पण लागेल तशा आपोआप वाढतात. तिथला मेमरी प्रेशरचा हिरवा पिवळा लाल आलेख मला फार आवडतो, सामान्य माणसाला कळेल असं दुसऱ्या कोणी केलंच नाही. आणि अगदीच संपलं तर खिडकी येते, कोणाला बंद करू सांगा म्हणून. विचारतं! विंडोजमध्ये मेमरी कॉम्प्रेशन २०१५ ला विंडोज १० बरोबर आलं, पण त्याचा स्वभावच वेगळा आहे. रॅम आणि पेजफाईल (विंडोजची स्वॅपफाईल) मिळून जेवढं होतं तेवढंच तो वाटतो, त्यापुढे मागितलं तर तोंडावर नाही म्हणतो. लिनक्स आधी सगळ्यांना हो हो म्हणत सुटतो, ओव्हरकमिट म्हणतात त्याला, आणि सगळे एकदम वसुलीला आले की मारेकऱ्याला धुंडाळतो. विंडोजच्या पद्धतीत तोटा असा की बरेच प्रोग्राम नकार पचवू शकत नाहीत आणि पडतात, आणि पेजफाईल बंद केली तर रॅम मोकळी दिसत असूनही नकार येऊ शकतो. पण निदान हिशोब चोख. फोनवाल्यांचं सगळ्यात सोपं, मागचं ॲप मारून टाकायचं, परत उघडलं की होतं तिथून सुरू झाल्याचं नाटक करायचं. डेस्कटॉपवर ते आपल्याला चालणार नाही, पण माउस कधी अडकत नाही हे मान्य करायला लागेल.

एक राहिलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६.१ कर्नलबरोबर मल्टी-जेन एलआरयू, म्हणजे कुठली पेज जुनी हे ठरवायची नवी पद्धत, आलं, गूगलच्या लोकांचं काम. पूर्वी पेज दोनच यादीत असायची, चालती आणि निपचित, आता पिढ्या पाडल्यात, त्यामुळे कुठलं पेज खरंच जुनं आहे हे जास्त बरोबर ओळखता येतं. त्यात एक मस्त सेटिंग दडलेलं आहे, इतक्या मिलिसेकंदांत वापरलेलं पेज काढायचंच नाही, आणि तेवढ्याने जागा होत नसेल तर मारेकऱ्याला बोलव. डिफॉल्ट शून्य म्हणजे बंद. मी १००० ठेवलंय. त्या वीस मिनिटांच्या रात्री हे असतं तर कोड फेकाफेकीचा तमाशा सुरूच झाला नसता. तुमचा कर्नल नवा असेल तर आधी हे चालू आहे का बघा, बऱ्याच डिस्ट्रोवर असतं, पण हा आकडा कोणी भरलेला नसतो.

कोणी घ्यावं हे सांगायला नको, ४ ते १६ जीबीवाल्या सगळ्यांनी, विशेषतः ज्यांची स्वॅप फिरत्या डिस्कवर आहे त्यांनी आजच. सर्व्हरवर डेटाबेस चालवणाऱ्यांनी आधी त्या डेटाबेसची स्वतःची कॅश किती आहे ते बघा, त्याला एवढी मेमरी देऊन ठेवलेली असते की झेडरॅमला दाबायला वेगळं काही उरतच नाही. आणि लावलंत तरी अडकल्यावरची किल्ली पाठ करून ठेवा, ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ, ओओएम किलरला हाताने हाक मारायची. काही डिस्ट्रोवर ती आधी चालू करावी लागते, ते शांततेच्या काळातच करून ठेवा. माझ्याकडे गेल्या चार महिन्यांत ती दोनदाच लागली. दोन्ही वेळा व्हर्च्युअल मशीन बंद करायचं विसरलो होतो, आणि दुसऱ्या वेळी मारेकऱ्याने नेमकं तेच उडवलं.